कॉलम व्हील, कॅम आणि एका टूलरूमवाल्याचं मत

डॉक्टर घड्याळ देऊन गेले तेव्हा एवढंच म्हणाले, “दहा दिवस ठेवा तुमच्याकडे. परत देताना मात्र सांगायचं, तुमच्या त्या सेव्हन सेव्हन फिफ्टीपेक्षा हे खरंच चांगलं आहे का.”

डॉक्टर टिळकवाडीतले, माझी मुलगी लहान असल्यापासूनच्या ओळखीचे. त्यांचं घड्याळ झेनिथ या स्विस कंपनीचं, आत एल प्रिमेरो मशीन. माझ्याकडे दोन होती. एक वास्कोच्या एका निवृत्त जहाजी माणसाकडून जुनं घेतलेलं, आत वाल्जू ७७५०. दुसरं मामांचं सेको ६१३९. मामा निपाणीचे, मस्कतला नोकरीला होते आणि १९७५ च्या आसपास सुट्टीवर येताना त्यांनी ते आणलं. तिन्ही ऑटोमॅटिक, तिन्ही क्रोनोग्राफ. दहा दिवस रोज रात्री जेवण झालं की मी ती तीन घड्याळं, भिंग आणि चिनी टाइमग्राफर, म्हणजे घड्याळाची चाल मोजणारं यंत्र, घेऊन बसत होतो. डॉक्टरांना उत्तर दिलं, पण त्यांच्या दवाखान्यात बाहेर पेशंट बसलेले असताना दिलं. पुरतं सांगून झालं नाही. ते इथं लिहितोय.

आधी माझा धंदा सांगतो, कारण माझं मत तिथूनच आलंय. बेळगावच्या उद्यमबागेत एका टूलरूममध्ये मी सव्वीस वर्षं काम करतो. पत्रा कापायचे आणि वाकवायचे डाय बनवणं हे माझं काम. बेळगावचं नाव बाहेरगावी कुंद्यामुळे निघतं, पण इथल्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप यांवर या भागातली किती घरं चालतात हे उद्यमबागेत सकाळी आठला उभं राहिलं की कळतं. तर घड्याळांविषयी वाचताना एक वाक्य वारंवार समोर येतं: “यातले लिव्हर नुसते स्टँपिंगचे आहेत.” हे वाक्य ७७५० ला कमी लेखण्यासाठी वापरतात. माझं सगळं आयुष्य त्या “नुसते” शब्दात गेलंय, म्हणून मला त्यावर बोलायचं आहे.

क्रोनोग्राफ म्हणजे चालत्या घड्याळावर बसवलेलं स्टॉपवॉच. सेकंदाचा एक वेगळा काटा बटण दाबलं की सुटला पाहिजे, पुन्हा दाबलं की थांबला पाहिजे आणि दुसरं बटण दाबलं की बारावर येऊन उभा राहिला पाहिजे. शून्यावर आणायची युक्ती तिन्ही मशीनमध्ये एकच आहे: काट्याच्या दांड्यावर बदामाच्या आकाराचा कॅम आणि त्यावर येऊन आदळणारा हातोडा. कॅम कुठल्याही कोनात असला तरी हातोडा त्याला ढकलत खाचेत आणून बसवतो. अडोल्फ निकोल यांनी १८४४ साली याचं पेटंट घेतलं आणि आजवर त्याहून बरं काही कोणाला सुचलेलं नाही. मशीन वेगळी होतात ती दोन ठिकाणी. बटणाचा हुकूम आत पोचवतं कोण, आणि चालत्या चाकाला क्रोनोग्राफचं चाक जोडतं कोण.

हुकूम पोचवायचे दोन रस्ते. जुना आणि महाग रस्ता कॉलम व्हीलचा. खाली करवतीसारखे दाते आणि वर किल्ल्याच्या बुरुजांसारखे उभे खांब असलेलं छोटं चाक. बटणाच्या प्रत्येक दाबाला ते एक दाता सरकतं. लिव्हरचं टोक कधी खांबावर चढतं, कधी दोन खांबांमधल्या फटीत पडतं. एल प्रिमेरोत हे आहे, सेको ६१३९ मध्येही आहे. ७७५० मध्ये त्याच्या जागी पत्र्यातून कापलेला चपटा कॅम आहे, तो फक्त पुढे-मागे झुलतो. बोटाला फरक लगेच कळतो. डॉक्टरांच्या घड्याळाचं बटण लोण्यात सुरी जावी तसं आत जातं. माझ्या ७७५० चं वरचं बटण आधी अडतं आणि मग एकदम “कट” करून बसतं. शून्यावर आणायचं खालचं बटण त्या मानानं हलकं. त्या अडण्यावरूनच लोक मशीनचा दर्जा ठरवून मोकळे होतात.

आता स्टँपिंगचं. समजा लिव्हरचा पत्रा तीन दशांश मिलिमीटर जाड आहे. असा पत्रा कापायला पंच आणि डाय यांच्यात मी दर बाजूला साधारण पंधरा मायक्रॉन जागा सोडेन. जास्त सोडली तर कडेला बर, म्हणजे धारदार कूस, येते, कमी सोडली तर पंच लवकर खराब होतो. शिवाय कापलेली कड एकसारखी कधीच नसते. भिंगाखाली बघितली तर वरचा भाग चकचकीत असतो आणि खालचा फाटल्यासारखा खरबरीत. जिथं लिव्हर दुसऱ्या भागाला घासणार तिथं तो खरबरीत भाग चालत नाही, म्हणून तिथं पुन्हा एकदा बारीक शेव्हिंग करावं लागतं. मी माझ्या ७७५० चं मागचं झाकण काढून दहापट भिंगाखाली बराच वेळ बघत बसलो. बाहेरच्या कडा साध्या ठेवल्यात, त्यांना कोणी पॉलिश करत बसलेलं नाही. पण कॅमला भिडणारं प्रत्येक टोक स्वच्छ आहे. जिथं काम आहे तिथंच खर्च केलाय. कॉलम व्हील बनवणारा एकेक चाकावर मेहनत घेतो. डाय बनवणारा सगळी मेहनत आधी, एकदाच घेतो, आणि मग लाखावा लिव्हर पहिल्यासारखाच निघतो. मेहनत कमी झालेली नसते, ती बघणाऱ्याला दिसत नाही इतकंच.

हे मशीन ज्यांनी काढलं ते एडमंड काप्ट. वाल्जू कंपनीत सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी त्याचा आराखडा केला, आणि घड्याळाच्या कामात संगणकाची मदत घेणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी ते एक. १९७४ ला ७७५० बाजारात आलं. व्यास तीस मिलिमीटर, जाडी ७.९, तासाला २८,८०० ठोके. बॅटरीवरच्या क्वार्ट्झ घड्याळांच्या लाटेत १९७५ ला उत्पादन थांबलं आणि ऐंशीच्या दशकात पुन्हा सुरू झालं. पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. हेच काप्ट नंतर फ्रेडरिक पिगे कंपनीत गेले आणि तिथं त्यांनी ११८५ काढलं: अवघं साडेपाच मिलिमीटर जाड, कॉलम व्हील असलेलं, व्हर्टिकल क्लच (तो काय ते पुढे सांगतो) असलेलं, अत्यंत उंची घड्याळांत गेलेलं. म्हणजे कॉलम व्हील जमत नव्हतं म्हणून त्या माणसानं कॅम वापरलेला नाही. हजारोंनी बनवायचं मशीन कसं असावं आणि मोजकं बनवायचं कसं असावं, हे दोन्ही त्याला कळत होतं.

७७५० चा क्लचही, म्हणजे चालत्या चाकाला क्रोनोग्राफचं चाक जोडणारा भागही, मला आवडतो. एक बारीक पिनियन, म्हणजे दातेरी दांडी, दोन्ही टोकांना दाते. एक टोक चालत्या चाकात कायम अडकलेलं, दुसरं टोक बटण दाबल्यावर किंचित कलतं आणि क्रोनोग्राफच्या चाकाला जाऊन भिडतं. बस्स. याचं पेटंट एदुआर ह्यूअर यांचं, १८८७ चं. दोष एवढाच की दाते भिडताना काटा कधीकधी किंचित उडी मारून सुटतो, आणि क्रोनोग्राफ चालू असताना त्याचं ओझं मूळ घड्याळावर पडतं. टाइमग्राफरवर ते दिसतं. पूर्ण चावी असताना माझ्या ७७५० चं बॅलन्स व्हील, म्हणजे पुढे-मागे झुलून वेळ राखणारं चाक, २९४ अंशांचा झोका घेत होतं. क्रोनोग्राफ सुरू केल्यावर २७३. डॉक्टरांच्या एल प्रिमेरोचा २८१ वरून २६२ वर आला. तिथं क्लच जुन्या पद्धतीचा, आडवा: एक मधलं चाक बाजूनं सरकत येतं. म्हणजे या बाबतीत दोघं सारखेच.

मामांच्या सेकोची कथा वेगळी, आणि तिनंच मला सगळ्यात जास्त शिकवलं.

व्हर्टिकल क्लच आणि कॉलम व्हील एकत्र असलेलं पहिलं ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ म्हणजे हे ६१३९; जपानात मे १९६९ ला विक्रीला आलं. अंतराळवीर विल्यम पोग यांनी १९७३ ला स्कायलॅब या अंतराळस्थानकावर जाताना पिवळ्या डायलचं ६१३९ सोबत नेलं होतं, ८४ दिवस. यात दात्यांत दाते घुसवायची भानगड नाही. मोटारसायकलच्या क्लचप्लेटसारखं: चालतं चाक आणि काट्याची चकती एकावर एक, मध्ये स्प्रिंग. क्रोनोग्राफ बंद असताना दोन लिव्हर दोन्ही बाजूंनी चिमटा घेऊन चकती उचलून धरतात. बटण दाबलं की चिमटा सुटतो, चकती चाकावर बसते आणि काटा उडी न मारता निघतो. या मॉडेलला सेकंदाचा वेगळा काटा नाही, म्हणून मामा क्रोनोग्राफ कायम चालूच ठेवायचे. मामी अजून सांगते, “ते लाल काटा थांबला की ह्यांचा जीव थांबायचा.”

मामा गेल्यावर घड्याळ माझ्याकडे आलं. मी ते दुसऱ्या एका शहरात सर्व्हिसला दिलं, दुकान मोठं होतं म्हणून. चकाचक होऊन आलं आणि चालेना. म्हणजे असं, की क्रोनोग्राफ चालू असला तर चालायचं आणि बंद केला की दोन-चार मिनिटांत बंद पडायचं. माझ्या डोक्यात बसेना. क्रोनोग्राफनं ओझं वाढायला पाहिजे, इथं उलट कसं? परत त्या दुकानात गेलो तर म्हणाले, मशीन जुनं झालंय, एवढंच चालणार.

शेवटी खडे बाजारातल्या आमच्या नेहमीच्या कारागीर काकांकडे गेलो. सत्तरी उलटलेली, कन्नड घरचे, आयुष्यभर एचएमटीची ‘जनता’ घड्याळं उघडून बसवत आलेले. १९६१ ला बंगळुरात सिटिझनच्या मदतीनं एचएमटीचा घड्याळाचा कारखाना निघाला आणि त्या सतरा ज्वेलच्या (घर्षण कमी करणाऱ्या खड्यांच्या) मशीनवर आमच्या भागातली कारागिरांची एक आख्खी पिढी शिकली, तिच्यातले हे. त्यांनी घड्याळ कानाला लावलं, बटण दाबून सुरू केलं, बंद केलं, पुन्हा कानाला लावलं.

“सर, हे सगळं धुतलंय की ओ. क्लचसकट.”

“मग? धुवायलाच पाहिजे ना?”

“नाही री. क्लचच्या पोटात तेल असतंय. धुतलं की ते जातंय, पुन्हा आत घालायला वाट नाही. आता बघा, क्रोनो चालू असला तर दांडा आणि चाक संगट फिरतंय. बंद केला की दांडा उभा आणि चाक त्याच्यावर कोरडं घासतंय. म्हणून थांबतंय.”

मी घरी येऊन कागदावर आकृती काढली तेव्हा पटलं. त्या क्लचचं चाक घड्याळाच्या मूळ चक्रमालेतच आहे. ते कधीच थांबत नाही. क्रोनोग्राफ थांबवला की त्याच्या मधोमध असलेला दांडा तेवढा थांबतो. तेल नसेल तर ब्रेकच लागतो. सुंदर रचना आहे, पण बंद डब्यासारखी. कारखान्यातून आलेलं तेल असेपर्यंत राजा. काकांनी त्यांच्या डब्यातून एक मेलेलं ६१३९ काढलं, मुंबईत पुन्हा रंगवलेल्या डायलचं, त्यातला क्लच मामांच्या घड्याळात बसवला. “एन माडोदु री (काय करायचं हो), पार्ट मिळत नाही, एक मारून एक जगवायचं,” म्हणाले. आता झोका क्रोनोग्राफ बंद असताना २३८, चालू असताना २४०. म्हणजे व्हर्टिकल क्लचचं जे गुणगान वाचलं होतं ते पन्नास वर्षांच्या मशीनवरही खरं निघालं: क्रोनोग्राफचं ओझं जवळजवळ शून्य.

एल प्रिमेरोविषयी लिहायचं राहिलंच. आवाजापासून सुरुवात करतो. बाकीची घड्याळं टिकटिकतात, हे भुरभुरतं. तासाला ३६,००० ठोके, म्हणजे सेकंदाला दहा. क्रोनोग्राफचा काटा सेकंदाचा दहावा भाग खरोखर दाखवू शकतो. ७७५० आठवा भाग दाखवतं, सेको सहावा. एवढा वेग, दोन्ही दिशांनी चावी भरणारा रोटर (हाताच्या हालचालीनं फिरणारं वजन), आणि जाडी फक्त साडेसहा मिलिमीटर. ७७५० चा रोटर एकाच दिशेला चावी भरतो. उलट दिशेला मोकळा सुटतो आणि हात झटकला की भोवरा फिरल्यासारखं मनगटात जाणवतं. मला त्याची सवय झालीय, मुलीला ते घड्याळ हातात धरवत नाही. १० जानेवारी १९६९ ला झेनिथनं हे मशीन जाहीर केलं, ते आजही बनतंय. रोलेक्सनं १९८८ ते २००० या काळात आपल्या डेटोना घड्याळांत हेच मशीन बरेच बदल करून आणि वेग २८,८०० वर आणून वापरलं. दुसऱ्याचं मशीन घ्यायची वेळ आल्यावर रोलेक्सनं जे निवडलं, त्याच्या दर्जाला आणखी दाखला नको.

पण ते आज आहे ते एका माणसामुळे. १९७५ ला कंपनीच्या अमेरिकन मालकांनी यांत्रिक घड्याळं बंद करायचा आणि अवजारं विकून टाकायचा हुकूम काढला. शार्ल व्हेर्मो नावाच्या तिथल्याच कारागिरानं विनवण्या केल्या, ऐकलं गेलं नाही. मग त्यानं प्रेस, डाय, कॅम, कटर, सगळं हळूहळू कारखान्याच्या पोटमाळ्यावर नेऊन लपवलं आणि कुठल्या कामाला काय लागतं ते वहीत लिहून ठेवलं. ऐंशीच्या दशकात मशीन पुन्हा बनवायचं ठरलं तेव्हा तो पोटमाळा उघडला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून अंगणात जाऊन उभा राहिलो होतो. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या मेस्त्रींनी अकरा महिने खपून एक प्रोग्रेसिव्ह टूल केलं होतं, म्हणजे पत्रा एकामागून एक टप्प्यांतून नेऊन भाग काढणारा डाय, सात स्टेशनचं. ऑर्डर बंद झाली, मालक बदलले, आणि एका शनिवारी ते टूल टेम्पोत भरून भंगारात गेलं, किलोच्या भावानं. मेस्त्री गेटजवळ उभे होते. मला तेव्हा वहीत दोन ओळी लिहून ठेवायचंही सुचलं नाही. त्या टूलनं निघणारा भाग आज कोणी मागितला तर बेळगावात तो पुन्हा करता येणार नाही असं नाही, पण मेस्त्रींनी तिसऱ्या स्टेशनला जी युक्ती केली होती ती कोणालाच माहीत नाही. व्हेर्मोनं डाय आणि वही दोन्ही वाचवलं. म्हणून एल प्रिमेरोच्या दर्जाविषयी बोलताना मी कॉलम व्हीलच्या आधी त्या वहीचं नाव घेतो.

नवीन घेणाऱ्यांसाठी थोडक्यात. सेलिटा एसडब्ल्यू ५०० हे मशीन ७७५० च्याच आराखड्यावरचं, निर्धास्त घ्यावं. सेकोचं एनई ८८ घातलेली काही घड्याळं मिळतात. कॉलम व्हील, व्हर्टिकल क्लच, २८,८०० ठोके, आणि पैशाच्या मानानं फार चांगलं. टिसॉटच्या काही मॉडेलांत सी०१.२११ येतं, त्यात एस्केपमेंटला, म्हणजे ठोके देणाऱ्या भागाला, प्लास्टिकचे भाग आहेत आणि पंधराच ज्वेल. प्लास्टिक म्हणून मी नाक मुरडणार नाही, त्याला तेल कमी लागतं. पण बिघडलं तर आमच्या खडे बाजारात त्याचं काही होणार नाही. आणि घड्याळ बाजूनं धरून बघा: बटणं आणि चावी एका रेषेत नसतील तर बहुधा साध्या मशीनवर क्रोनोग्राफचा वेगळा थर चढवलेला असतो. चालतं ते, पण सर्व्हिसला दिलं की दोन मशीन खोलावी लागतात.

एक गोष्ट मात्र विसरू नये. एकच ७७५० वेगवेगळ्या दर्जात मिळतं. आराखडा तोच, पण वरच्या दर्जाचं मशीन सीओएससी या स्विस चाचणी संस्थेच्या परीक्षेला बसतं: पंधरा दिवस, पाच स्थिती, तीन तापमानं, आणि दिवसाचा सरासरी फरक उणे चार ते अधिक सहा सेकंदांच्या आत. तेव्हा नुसतं “आत ७७५० आहे” म्हणणाऱ्याला कुठल्या दर्जाचं ते विचारावं. टूलरूममध्येही ड्रॉइंग सगळ्यांकडे एकच असतं.

डॉक्टरांना मी काय सांगितलं? तुमचं जास्त सुंदर आहे, जास्त बारीक वेळ मोजतं आणि हाताला जास्त सुख देतं. तुमचे पैसे वाया गेलेले नाहीत. पण चांगलं बनवलेलं मशीन कुठलं असं विचाराल तर मी ७७५० म्हणेन, कारण त्यातला प्रत्येक भाग का तसा आहे हे मला उघडून बघितल्यावर कळतं, आणि आमच्या काकांना ते न घाबरता उघडता येतं. माझं ७७५० त्यांनी दोनदा खोललंय. कारखान्यात ओएचएनएस पोलादाचे पंच हार्डनिंगला भट्टीत टाकले की मी त्याच्यावरच वेळ लावतो, रोज तीन-चारदा. सात वर्षांत काटा एकदाही बाराच्या बाजूला उभा राहिलेला नाही, बारावरच आलाय.

डॉक्टरांनी आपलं घड्याळ घातलं, क्रोनोग्राफ सुरू केला, कानाशी धरला आणि हसले. बाहेर पेशंट होते म्हणून मी निघालो.

मामांचं घड्याळ आता मामीला दाखवायला निपाणीला न्यायचं आहे. त्याआधी एक काम उरलंय. बटणांखालचे रबरी वायसर कडक झालेत, आणि आमच्याकडचा पाऊस एकदा लागला की कपाटातल्या चपलेलासुद्धा बुरशी येते. काकांनी मापाचे वायसर हुबळीहून मागवलेत. मृग लागायच्या आत बसवून घेणार.